सतरा नंबरची नोंद

“ते घड्याळ असं छातीशी धरून उभी राहू नकोस,” ड्वेन मला म्हणाला. “लोकांना वाटतं, आता गोळी घालणार.”

मी हसले आणि स्टॉपवॉच अडकवलेला क्लिपबोर्ड जरा खाली घेतला. ऑक्टोबर २००८ मधली सकाळ होती. कारखान्यातला सरकता पट्टा अजून सुरू व्हायचा होता. ड्वेन हातमोजे चढवत होता, आणि पट्ट्याच्या पलीकडच्या बाजूला त्याची जोडीदारीण रोझ वर टांगलेली, बोल्ट आवळायची हवेची गन खाली ओढून बघत होती.

“आज आमचा नंबर का, मिला?” त्यानं विचारलं.

“आज सतरा आणि अठरा.”

माझं नाव उर्मिला टेंबे. तिथं कुणाच्या जिभेला ते झेपेना, म्हणून पहिल्याच आठवड्यात ड्वेननं त्याचं ‘मिला’ करून टाकलं होतं. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. मिरजेची मुलगी, सांगलीत इंजिनिअरिंग केलेली, पुढं अमेरिकेत एम. एस. करून मिशिगनमधल्या एका लहान गावातल्या कारखान्यात लागलेली. आम्ही पिकअप ट्रकच्या सीटा बनवायचो. माझं काम म्हणजे कोणत्या माणसाला कोणतं काम करायला किती सेकंद लागतात ते मोजायचं, आणि त्यावरून पट्ट्यावर किती माणसं लागतील ते सांगायचं.

त्या वर्षी ट्रकला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. न विकलेल्या ट्रकांच्या रांगा गावाबाहेरच्या मोकळ्या रानात उभ्या असायच्या, नव्याकोऱ्या, काचांवर धूळ बसलेल्या. ज्या कारखान्याला आम्ही सीटा पुरवत होतो त्यानं आधी शनिवार बंद केला, मग एक पाळी बंद केली. आमचा पट्टा आठवड्यातून तीनच दिवस चालू लागला. आतापर्यंत दर चोपन्न सेकंदांना एक सीट पुढं सरकायची. एक डिसेंबरपासून दर अठ्ठ्याऐंशी सेकंदांना सरकणार होती. पट्टा हळू झाला की एका माणसाकडे जास्त वेळ उरतो, म्हणजे त्याला जास्त काम देता येतं, म्हणजे माणसं कमी लागतात. हे गणित मला येत होतं. कामगारांना एवढंच सांगितलं होतं की पट्टा नव्या वेगाला बसवायचा आहे, त्यासाठी मोजणी आहे. तेही खोटं नव्हतं.

मोजणी सुरू झाली की बहुतेक जण संथ व्हायचे. बोल्ट उचलायचा, न्याहाळायचा, मग लावायचा. त्याचा मला राग येत नसे. मीही तेच केलं असतं.

ड्वेन तसा नव्हता. छप्पन्न वर्षांचा, उंच, हडकुळा, मिझुरीकडचा माणूस. बोलायचा हळू, पण हात मात्र विलक्षण चपळ. माझ्या पहिल्या हिवाळ्यात कारखान्याच्या आवारात बर्फावर माझी गाडी गर्रकन फिरून कुंपणाला जाऊन टेकली होती. त्यानंतर दोन रविवार त्यानं मला रिकाम्या आवारात बर्फावर गाडी आवरायला शिकवलं. “ब्रेक नको, मिला, ब्रेक नको,” एवढंच सांगत शेजारी बसायचा. मी दोन रविवारांत त्याच्या गाडीचं टायर दोनदा कडेच्या दगडावर आपटलं. त्यानं दोन्ही वेळा खाली उतरून टायर बघितलं आणि म्हणाला, “दगडाला काही झालं नाही.”

रोझ चव्वेचाळीस वर्षांची होती. अकरा वर्षं ती आणि ड्वेन पट्ट्यावरच्या सतरा नंबरच्या स्टेशनवर समोरासमोर काम करत होते. डावी बाजू त्याची, उजवी तिची. दोघांनी चार-चार बोल्ट मारायचे, आपापल्या बाजूचं प्लास्टिकचं कव्हर बसवायचं, आणि सीट गरम करणाऱ्या वायरचा प्लग रोझनं जोडायचा. तिची मुलगी नर्सिंग शिकत होती. रोझच्या उजव्या मनगटाला त्या दिवशी कातडी रंगाचा पट्टा होता. तिनं त्यावर बाही ओढून घेतली होती.

“हात मुरगळलाय,” माझी नजर गेलेली पाहून ती म्हणाली.

तो मुरगळलेला नव्हता. वर्षानुवर्षं गन धरून धरून मनगटं जातात, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या दिवसांत दुखणं लिहून देणारा माणूस कामावरून काढायच्या यादीत पहिला जाईल, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

पट्टा सुरू झाला. मी घड्याळाची कळ दाबली.

पहिल्या सीटलाच माझ्या लक्षात आलं. ड्वेननं आपले चार बोल्ट मारले, कव्हर ठोकलं आणि सीटवरून पलीकडे वाकून रोझच्या बाजूचे दोन बोल्टही मारून टाकले. परत येता येता प्लग जोडला. रोझनं फक्त दोन बोल्ट मारले आणि डाव्या हातानं कव्हर दाबून धरलं. दुसऱ्या सीटला तेच. तिसऱ्या सीटला तेच. मी दहा सीटा मोजल्या. दहाही वेळा तो माणूस जवळजवळ पळत होता. शर्ट पाठीला चिकटला. एकदा त्याच्या हातून बोल्ट निसटला, तो त्यानं हवेतच झेलला आणि माझ्याकडे बघून डोळा मारला.

दहावी सीट गेली. मी घड्याळ थांबवलं.

“कसं झालं?” त्यानं बाहीनं कपाळ पुसत विचारलं.

“छान झालं.”

“बघ रोझ,” तो म्हणाला, “मी सांगितलं नव्हतं?”

रोझ माझ्याकडे न बघता पुढच्या सीटचं कव्हर उचलत होती.

आमच्या कचेरीत माझे वरिष्ठ होते मुकुंद देवस्थळी. नाशिकचे. बावीस वर्षं अमेरिकेत काढलेले. मला ती नोकरी त्यांच्यामुळेच लागली होती. दिवाळीला त्यांच्या घरून माझ्यासाठी डबा यायचा, आणि त्यांच्या पत्नी दर महिन्याला फोन करून मी जेवते की नाही ते विचारायच्या. कचेरीत दुसरं कुणी नसलं की आम्ही मराठीत बोलायचो.

शुक्रवारी दुपारी त्यांनी मला बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

“किती येताहेत?”

“सत्तावीस, सर.”

बेचाळीस माणसांची सत्तावीस. मी सगळी स्टेशनं उलटसुलट जोडून बघितली होती.

“सव्वीस हवेत,” ते म्हणाले.

“सर, सत्तावीसच बसतात.”

“अगं, वर सव्वीस सांगून झालंय. मी नाही सांगितलं, वरच्यांनी त्यांच्या वरच्यांना सांगितलंय.” त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. “हे बघ उर्मिला, तुला अजून सांगितलं नाही मी. आपल्या विभागातही दोनाचा एक होणार आहे. तू किंवा काइल. काइलनं त्याच्या पट्ट्याचा आकडा सांगितला होता तसा आणून दिलाय.”

माझा व्हिसा त्या नोकरीला बांधलेला होता. नोकरी गेली की देशही जाणार, तेही लगेच. मिरजेत बाबा येईल-जाईल त्याला सांगत होते की आमच्या उर्मीला आता तिकडचं कायमचं कार्ड मिळणार.

“मी तुला काय कर ते सांगत नाही,” देवस्थळी सर म्हणाले. “एवढंच म्हणतो, कागद पुन्हा एकदा बघ. कुठंतरी एखादी जागा असते.”

सोमवारी सकाळी मी त्यांना सव्वीसचा तक्ता दिला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला, सतरा नंबरवर जरा थांबले आणि सही केली.

यादी नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात वाचली गेली. पट्टा थांबवून सगळ्यांना जेवणाच्या हॉलमध्ये बसवलं. नाव घेतलं की त्या माणसानं उठून डावीकडच्या दारानं जायचं, एवढीच सूचना होती. मी मागं भिंतीला टेकून उभी होते. कुणी रडलं-ओरडलं नाही. एका बाईनं अर्धं सँडविच नीट कागदात गुंडाळून पिशवीत ठेवलं, मग उठली.

रोझचं नाव आलं. ती ड्वेनच्या शेजारीच बसली होती. तो चटकन उभा राहिला, जणू त्याचंच नाव घेतलं होतं. रोझनं डाव्या हातानं त्याला खाली बसवलं आणि गेली.

एक डिसेंबरच्या सोमवारपासून पट्टा नव्या वेगानं चालू लागला. सतरा नंबरवर ड्वेन एकटा. डावीकडचे चार बोल्ट मारायचे, सीटला वळसा घालायचा, उजवीकडचे चार, दोन्ही कव्हरं, प्लग. अठ्ठ्याऐंशी सेकंद. मी त्या बाजूला जायचं टाळत होते, पण कचेरीचा प्रिंटर पलीकडे होता. जाता-येता दिसायचं. तो एकदाही थांबलेला दिसला नाही. पाणी प्यायलाही नाही.

चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो माझ्या टेबलाशी आला. तो याआधी कधीच कचेरीत आला नव्हता. टोपी हातात घेऊन उभा राहिला.

“मिला, मला पुन्हा मोज.”

“काय झालं?”

“काही झालं नाही. पुन्हा मोज म्हणतो. आज, उद्या, तू म्हणशील तेव्हा. या वेळी मी माझ्या चालीनं काम करतो. तुला दिसेल, हे एकाचं काम नाही. मग ते रोझला परत बोलावतील. बोलावतील ना?”

“ड्वेन, मोजणी संपली आता. कागद वर गेलेत.”

“कागद परत येतात.”

“नाही येत.”

तो जरा वेळ टोपीची कड चाचपत राहिला. मग खुर्ची ओढून बसला आणि आवाज खाली आणला.

“मी तुला खरं सांगतो. त्या दिवशी तिचा हात चालत नव्हता. रात्रभर बर्फात घालून बसली होती. मला वाटलं, तू तिचे सेकंद वेगळे लिहिशील आणि ती हळू दिसेल. म्हणून मी तिचे बोल्ट मारले. मला कुठं माहीत होतं, तुम्ही दोघांचे मिळून धरता ते.” त्यानं माझ्याकडे बघितलं. “तू बघितलंस ना? मी तिचे बोल्ट मारत होतो ते?”

तिथं कुणी नव्हतं. काइल जेवायला गेला होता. देवस्थळी सरांचं दार बंद होतं. मला फक्त ‘हो’ म्हणायचं होतं.

“नाही,” मी म्हणाले. “मी घड्याळाकडे बघत होते.”

ड्वेन उठला. खुर्ची होती तिथं ठेवली.

“बघितलंस, मिला,” तो म्हणाला. रागानं नाही. “मी बोल्ट झेलला तेव्हा तू हसलीस.”

एवढं बोलून तो गेला.

आता मी जे केलं ते सांगायला हवं. मोजणीच्या कागदावर सेकंदांच्या शेजारी एक लहानसा रकाना असतो. मोजणाऱ्यानं तिथं आपल्या अंदाजानं लिहायचं असतं की माणूस किती वेगानं काम करत होता. नेहमीच्या चालीनं असेल तर शंभर टक्के. पळत असेल तर एकशे दहा, एकशे वीस. मग त्या प्रमाणात सेकंद वाढवून धरतात, कारण कुणी माणूस दिवसभर, वर्षभर पळू शकत नाही. घड्याळाला ते कळत नाही, म्हणून तिथं माणूस उभा करतात. माझी नोकरी खरं तर त्या एका रकान्यासाठी होती.

ड्वेनच्या कागदावर मी त्याच सकाळी, पट्ट्याशी उभी असताना, एकशे वीस लिहिलं होतं. खाली शेरा मारला होता की कामगार जोडीदाराचं काम करतो आहे, पुन्हा मोजावं. एकशे वीस धरलं की दोघांचं मिळून काम शंभर सेकंदांचं व्हायचं, एका माणसाला न जमणारं. शंभर टक्के धरलं की चौऱ्याऐंशी सेकंद. अठ्ठ्याऐंशीत आरामात बसणारं.

सव्वीसचा तक्ता द्यायच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, खोलीवर, टेबलाशी बसून मी नवा कोरा कागद घेतला. दहाही सीटांचे सेकंद जसेच्या तसे उतरवले. एकही सेकंद इकडचा तिकडे केला नाही. फक्त त्या रकान्यात शंभर लिहिलं आणि शेऱ्याची जागा कोरी ठेवली. जुना कागद फाडला. देवस्थळी सरांनी मला तसं कर म्हणून सांगितलं नव्हतं. सगळ्या स्टेशनांतून सतरा नंबर मीच निवडला, कारण तिथं बदल सगळ्यात कमी करावा लागत होता.

ड्वेन त्या दिवसानंतरही रोज सकाळी मला “मॉर्निंग, मिला” म्हणायचा. त्यात काही कमी-जास्त नसायचं. मला त्याचाच जास्त त्रास व्हायचा.

तो एकटा पाच आठवडे टिकला. सहाव्या आठवड्यात एका दिवशी सतरा नंबरमुळे पट्टा अकरा वेळा थांबला. दुसऱ्या दिवशी तिथं एजन्सीकडून रोजंदारीवर एक माणूस आणून उभा केला. म्हणजे पट्ट्यावर सत्तावीसच झाले. रोजंदारीचा माणूस मोजत नाहीत, म्हणून कागदावर सव्वीस राहिले. रोझला कुणी बोलावलं नाही. मी देवस्थळी सरांना विचारलंही नाही. विचारलं असतं तर त्यांनी मला विचारलं असतं, मग आधी का नाही सांगितलंस.

काइलला डिसेंबरात काढलं. फेब्रुवारीत ड्वेन आपण होऊन नोकरी सोडून मिझुरीला भावाकडे निघून गेला. मी त्या दिवशी दुसऱ्या इमारतीत होते. परत आले तेव्हा त्याचं कपाट उघडं होतं आणि आत काही नव्हतं.

जूनमध्ये कारखानाच बंद झाला. सव्वीसही गेले, देवस्थळी सरही गेले, मीही गेले. शेवटच्या दिवशी सर खोक्यात पुस्तकं भरत होते. मला म्हणाले, “आपण आकडे खाली आणले म्हणून निदान सात महिने जास्त चाललं, उर्मिला.” त्यांना ते खरंच वाटत होतं की मी हो म्हणावं असं वाटत होतं, कोण जाणे. मी त्यांच्या खोक्याला चिकटपट्टी लावून दिली.

भारतात परतायच्या आदल्या आठवड्यात मी घरातलं सामान वाटून टाकत होते. गावात चर्चनं चालवलेलं जुन्या वस्तूंचं एक दुकान होतं. तिथं भांडी, दिवा आणि हिवाळी कोट घेऊन गेले. गल्ल्यामागं रोझ उभी होती.

पळून जाण्यासारखं नव्हतं. हातात खोकं होतं.

“मिला!” ती म्हणाली. “ठेव ते, ठेव. माझा उजवा हात काही उचलत नाही आता.” तिच्या मनगटावर शस्त्रक्रियेची लांब लाल खूण होती. “मी इथं आठवड्यातून चार दिवस असते. मुलगी पास झाली, सांगितलं का तुला कुणी? लान्सिंगला लागली, इस्पितळात.”

“छान झालं,” मी म्हणाले, आणि हेच शब्द मी ड्वेनला उत्तर म्हणून दिले होते, हे मला बोलल्यावर कळलं.

ती भांडी एकेक करून डाव्या हातानं बाहेर काढत होती. मधेच थांबली.

“मला तुला भेटायचंच होतं. ड्वेननं जाण्याआधी सगळं सांगितलं मला.”

बरं झालं, असं क्षणभर वाटलं. आता ती बोलेल, मी ऐकेन, आणि एकदाचं संपेल.

“तू माझ्यासाठी तीनदा वर गेलीस म्हणे,” रोझ म्हणाली. “पुन्हा मोजू द्या म्हणून भांडलीस, आणि त्यांनी ऐकलं नाही. तो म्हणाला, ‘रोझ, मिलावर राग धरू नकोस, ती पोर एकटी त्या सगळ्यांशी बोलली.’ मी खरंच राग धरून होते गं. यादी वाचली त्या दिवशी तू मागं उभी होतीस, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. मी घरी जाऊन तुला काय काय बोलले! मग त्यानं सांगितलं तेव्हा माझी मलाच लाज वाटली.”

मी गल्ल्यावरच्या माझ्या भांड्यांकडे बघत होते. मी एकदाही वर गेले नव्हते, आणि ड्वेनला ते माहीत होतं. त्यानं हे माझ्यासाठी केलं नव्हतं. अकरा वर्षं समोर उभ्या असलेल्या बाईला आपल्यामागं कुणाचा तरी राग उरावर घेऊन बसावं लागू नये, एवढ्यासाठी त्यानं केलं होतं. आणि मी आता खरं सांगितलं असतं तर माझं मन हलकं झालं असतं, आणि तिचं पुन्हा जड.

तसं मी आज म्हणते. तेव्हा मी इतका विचार केला होता का, की फक्त भ्याले होते, हे मला सोळा वर्षांनंतरही ठरवता आलेलं नाही.

“तीनदा गेलीस?” तिनं विचारलं.

“हो,” मी म्हणाले. “तीनदा.”

रोझ गल्ल्याला वळसा घालून बाहेर आली. उजवा हात बाजूला धरून तिनं डाव्या हातानं मला जवळ घेतलं. बराच वेळ सोडलं नाही. मी हात खाली सोडून, ती सोडेपर्यंत तशीच उभी राहिले.